नाव न घेता

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी साडेसहा वाजता पाळक रणपिसे यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि मध्येच एक वाक्य उच्चारलं.

"प्रभू, या मांडवात एक लेकरू असं आहे, जे तुझ्या घरात वाढलं, ओठांनी तुझी गीतं गातं, पण त्याच्या आत रिकामी खोली आहे. त्या लेकराला आज हात दे."

पत्र्याच्या मांडवात साठेक मुलंमुली आणि चार मोठी माणसं होती. सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले. 'रिकामी खोली' हे शब्द कानावर पडताच विनया उजागरेचे डोळे उघडले. दुसऱ्या ओळीत बसलेल्या आरोहीचेही डोळे उघडे होते. प्रार्थना करणाऱ्या आपल्या वडिलांकडे ती बघत नव्हती. ती विनयाकडे बघत होती.

"आमेन," मांडव एका आवाजात म्हणाला. आरोहीचे ओठ हलले नाहीत.

खोपोलीच्या ख्रिस्ती मंडळीचं हे उन्हाळी शिबिर दर मे महिन्यात कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका ट्रस्टच्या जागेवर भरतं. दोन लांब खोल्या, एक मांडव, आंब्याची चार झाडं आणि खाली नदी. वरच्या वीजघराचं पाणी सुटत असल्यामुळे नदीला ऐन उन्हाळ्यातही धार असते. मुलांचे फोन पहिल्याच दिवशी जमा होतात. तसंही तिथं रेंज नसते. सकाळी शास्त्रपाठ, मग गीतं, दुपारी मोकळा वेळ. या मोकळ्या वेळात मुलांनी आपल्या मार्गदर्शकाजवळ बसून मन हलकं करावं, अशी कल्पना आहे. बहुतेक मुलं झोपतात.

विनयाचं हे पाचवं शिबिर. एरवी ती खोपोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि मंडळीच्या कमिटीवरही आहे. मुली तिच्याकडे येतात, याचं एक साधं कारण आहे. समोरची मुलगी रडू लागली की बाकीचे मार्गदर्शक तिला लागू पडेल असं वचन शोधायला लागतात. विनया आधी पाण्याचा पेला पुढे करते.

सोमवारी दुपारी आरोही आली ती रडत नव्हती. आंब्याखाली बसून ती हातातली करवंदं एकेक करून खात होती आणि बिया नेम धरून दगडावर मारत होती.

"ताई, मला प्रार्थना येत नाही."

"म्हणजे शब्द सुचत नाहीत?"

"शब्द ढीगभर सुचतात. पाळकाची मुलगी आहे मी. झोपेतून उठवलंत तरी दहा मिनिटं करीन." तिनं एक बी मारली. "गाताना तोंड हलतं. आत रिकामी खोली आहे. सामान काढून नेल्यासारखी."

"कधीपासून?"

"आधी सामान होतं का, तेच आठवत नाही."

विनयानं विचारलं, "पप्पांशी बोललीस?"

"पप्पा रागावले असते तर मी बोलले असते. ते रागावणार नाहीत. रडतील. मग सगळी मंडळी माझ्यासाठी उपास करेल. बुधवारच्या बायकांच्या प्रार्थनेत माझं नाव घेतील, डायबेटिसवाल्यांच्या नंतर. मग मी उपासनेत आले की सगळ्या माझ्याकडे बघणार. आता बरं वाटतंय का गं, असं. तसं झालं ना ताई, तर मी मंडळीत पाऊलच ठेवणार नाही. आज निदान ठेवते तरी. बसून विचार तरी करते."

"आणि गुरुवारी संध्याकाळी तुझी साक्ष आहे."

"आहे ना. पप्पांनीच ठरवलंय. प्रभूनं माझ्या आयुष्यात काय केलं, ते सांगायचं. नको म्हटलं तर कारण द्यावं लागेल."

"हे माझ्याजवळ राहील. वचन देते तुला."

आरोही पहिल्यांदाच हसली. "इथं सगळे वचनच देतात, ताई. सकाळी एक, दुपारी एक."

"हे तसलं नाही."

"बघू," असं म्हणून आरोहीनं उरलेली करवंदं विनयाच्या हातावर ठेवली आणि ती उठून गेली.

एवढंच झालं होतं. आंब्याखाली तेव्हा तिसरं कोणी नव्हतं. निदान विनयाला तरी दिसलं नव्हतं.

बुधवारी नाश्त्याला पोहे होते. आरोही ताटली घेऊन थेट मोरीकडे गेली. विनया तिच्यामागे गेली.

"एकच विचारते, ताई. किती जणांना सांगितलंत?"

"एकालाही नाही. आरोही, शपथ..."

"शपथ घेऊ नका. आपल्यात चालत नाही." तिनं नळ सोडला. "मग पप्पांना रिकामी खोली कुठून मिळाली? स्वप्न पडलं?"

"मला माहीत नाही. पण शोधून काढते."

"काढा," आरोही म्हणाली. न खाल्लेले पोहे तिनं डब्यात टाकले.

विनयानं शोधायला सुरुवात केली. इथून पुढे शिबिरातलं प्रत्येक माणूस तिला वेगळं दिसू लागलं. दोन मुली कुजबुजल्या तर त्या काय कुजबुजतात, कोणी हसलं तर कशाला हसलं. साक्षीला कोणतं गीत घ्यायचं, यावर मुली भांडत होत्या. विनया त्यांच्यात बसली होती आणि दर मुलीच्या चेहऱ्यावर तो शब्द शोधत होती.

पहिला संशय योनावर गेला. योना भांबळ मुलांच्या गटाचा मार्गदर्शक. चोविशीतला, पनवेलचा, गिटार वाजवणारा आणि पोट धरून हसायला लावणारा. हसवणारी माणसं बोलून जातात, असा विनयाचा समज होता. तो मांडवाच्या खांबाला टेकून तारा जुळवत होता.

"योना, सोमवारी दुपारी तू कुठं होतास रे?"

"अरे बापरे. ताई, विज्ञान सोडून पोलिसात कधी गेलात?"

"सांग तरी."

"पोरांबरोबर. नदीवर. आपली पोरं पाण्यात उतरली की मला देवदूताची ड्यूटी असते."

"पूर्ण दुपार?"

"पूर्ण दुपार." त्यानं तार छेडली. सूर लागला नव्हता.

स्वयंपाकघराच्या पडवीत गोदाबाई भाकऱ्या थापत होती. शेजारच्या वाडीतली ही बाई दर वर्षी शिबिराचा स्वयंपाक करते. तिच्याजवळ बसून विनयानं सहज विचारल्यासारखं विचारलं, सोमवारी नदीवर पोरांना कोण सांभाळत होतं.

"आमचं हे हुते की. वीजघराचं पानी सुटाय लागलं का कोन नको पोरांना वर काडाया?"

"आणि योनासर?"

"कोन, त्यो गिटारवाला?" गोदाबाईनं भाकरी उलटली. "त्यो नवता वो. त्यो माज्या दिराच्या मोटरसायकलीवर बसून कशेळ्याला गेलता. च्या पाजतो म्हनला दिराला, नाय पाजला. का, काय झालं?"

"काही नाही."

"तुमच्यात काय नाय झालं म्हनलं का कायतरी झालेलं असतंय," गोदाबाई म्हणाली आणि स्वतःच हसली.

योना खोटं बोलला होता. विनयाला तेवढं पुरे झालं. तो कशेळ्याच्या बाजारात होता, तर आंब्याखालचं बोलणं त्यानं ऐकलं कसं, हा साधा प्रश्न तिला त्या वेळी पडला नाही. संशय आला की माणूस पुरावा शोधत नाही, दुजोरा शोधतो. दुपारच्या जेवणात योनानं मुलांना हसवलं तेव्हा विनया हसली नाही. योनाच्या ते लक्षात आलं.

चहाच्या वेळी ती सुलभा अक्कांकडे गेली. अक्का निवृत्त परिचारिका. मंडळीत त्यांचा शब्द पाळकांच्या खालोखाल चालतो. ऊन लागलेल्या एका मुलीला मीठ-साखरेचं पाणी पाजून त्या नुकत्याच टेकल्या होत्या.

"अक्का, सकाळी पाळकसाहेबांनी ती प्रार्थना केली, ती कुणासाठी होती?"

"गिदोनसाठी."

"गिदोन?" विनयाला आधी तो कोण, तेच आठवेना. योनाच्या गटातला, चर्चच्या चौकीदाराचा मुलगा.

"अगं, असं काय करतेस? तूच ओझं आणलंस की काल पहाटे."

विनयाच्या हातातला कप हातातच राहिला.

शिबिरात एक रीत आहे. पहाटे, मुलं उठायच्या आत, मार्गदर्शक एकत्र बसून आपल्या मनावरची ओझी प्रभूपुढे ठेवतात. नावं घ्यायची नाहीत, असा दंडक आहे. एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करतो, बाकीचे आमेन म्हणतात. मंगळवारी पहाटे अक्का, योना आणि विनया अशी तिघं बसली होती. विनयानं प्रार्थना केली होती, हे तिला आठवत होतं. काय केली, ते आठवत नव्हतं. प्रार्थनेत बोललेलं कोणी लक्षात ठेवत नाही. डोळे मिटले की जीभ आपल्या वाटेनं जाते. ती वाट लहानपणापासून मळलेली असते.

अक्कांना मात्र शब्द न् शब्द पाठ होता. "'प्रभू, एक लेकरू तुझ्या वेदीच्या सावलीत वाढलं, ते तुझी गीतं गातं, पण त्याच्या आत रिकामी खोली आहे.' मी तर म्हटलं, काय प्रार्थना करते ही पोरगी! पाळकसाहेबांना रोजचे प्रार्थना-विषय मीच देते, तुला माहितेय. संध्याकाळी हाही दिला."

"नाव दिलंत?"

"मी कशाला नाव देऊ? तूही घेतलं नव्हतंस. पण वेदीच्या सावलीत वाढलेलं म्हटल्यावर दुसरं कोण? गिदोन चर्चच्या आवारातच राहतो की. वडील चौकीदार. तरीच म्हटलं, हे पोर उपासनेत जांभया का देतं."

विनयानं खरं तर काळजी घेतली होती. मुलगी म्हटलं नव्हतं, मुलगा म्हटलं नव्हतं. लेकरू म्हटलं होतं. ते, त्याला, त्याच्या. लिंग कळू नये म्हणून जे करता येतं, ते सगळं तिनं व्याकरणात केलं होतं. पण प्रार्थनेला भाषा लागते. हाताशी आली ती आरोहीची रिकामी खोली आणि मंडळीच्या बोलण्यातली वेदीची सावली. कुणाला सांगितलं नाही, असं सकाळी मोरीपाशी म्हणताना ती खोटं बोलत नव्हती. प्रार्थना म्हणजे कुणाला सांगणं, असं तिला आजवर कधी वाटलंच नव्हतं.

"गिदोनच ना?" अक्कांनी विचारलं.

नाही म्हटलं तर मग कोण, हा पुढचा प्रश्न होता. विनया म्हणाली, "मुलं आहेत. वय असतं." अक्कांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. त्या दिवसापासून गिदोनला रात्रीच्या जेवणात एक जास्तीची पोळी आणि जेवणानंतर अर्धा तास वेगळी प्रार्थना सुरू झाली. आपण काय केलं, ते त्या बिचाऱ्याला कळेना.

आता एकच गोष्ट समजायची राहिली होती. पाळकसाहेबांना काय कळलं? ते कडुलिंबाखाली खुर्ची टाकून संध्याकाळच्या प्रवचनाची टिपणं काढत होते.

"सकाळची प्रार्थना मनाला लागली, पाळकसाहेब."

"माझ्याही." त्यांनी चष्मा काढला. "अक्कांनी विषय दिला."

"कुणाचा आहे ते त्या बोलल्या का?"

"नाही. मी विचारलं नाही." त्यांनी काचा पुसल्या. "विचारायची गरज नव्हती."

प्रभूला नाव ठाऊक आहे, म्हणून गरज नव्हती, की बापाला ठाऊक आहे म्हणून? विनयानं त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधलं. तीस वर्षं लोकांच्या मयतीला आणि लग्नाला सारख्याच शांतपणे उभा राहिलेला तो चेहरा. त्यावरून कोणाला काही वाचता आलं नसतं. त्यांनी चष्मा चढवला आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

संध्याकाळच्या खेळाच्या वेळी विनयानं आरोहीला गाठलं. आडवळण न घेता सांगून टाकलं. मीच बोलले. पहाटेच्या प्रार्थनेत. नाव घेतलं नव्हतं. अक्कांना वाटतंय तो गिदोन आहे. तुझ्या पप्पांना काय वाटतंय, ते मला सांगता येत नाही.

आरोहीनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे देवाला सांगितलंत."

"हो."

"मोठ्यानं."

मैदानावर मुलं लंगडी खेळत होती. कोणीतरी आऊट झाल्यावरून आरडाओरडा चालला होता.

"चुकलं माझं, आरोही. उद्याची साक्ष रद्द करायला सांगू का? तुला बरं नाही म्हणून सांगते."

"नको," आरोही म्हणाली. "मी देणार आहे साक्ष. तयारी झालीय." ती हे अगदी शांतपणे बोलली. हा शांतपणा तिनं त्याच दुपारी कडुलिंबाखाली पाहिला होता.

गुरुवारी संध्याकाळी मांडवाला कागदी पताका लावल्या होत्या. आधी एका मुलानं साक्ष दिली, मोबाईलच्या नादातून प्रभूनं कसं सोडवलं याची. मग आरोही उभी राहिली. माईक हातात घेण्याची तिची पद्धत वडिलांसारखीच होती, थोडा तिरका, हनुवटीच्या खाली.

ती सुरेख बोलली. लहानपणी आजारी पडल्याची हकिकत, आईनं उशाशी बसून म्हटलेलं गीत, दहावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी आलेली शांती. कुठं थांबायचं, ते तिला माहीत होतं. आवाज कुठं कापरा करायचा, तेही, असं विनयाला वाटलं आणि वाटल्याची लाजही वाटली. कारण त्याच जागी स्वतः विनयाचे डोळे भरून आले होते. अक्का पदरानं डोळे पुसत होत्या. पाळकसाहेब खाली मान घालून ऐकत होते.

"शेवटी एक विनंती," आरोही म्हणाली. "आपल्या शिबिरातल्या एका मार्गदर्शकासाठी सगळ्यांनी प्रार्थना करा. त्यांच्यावर मी विश्वास टाकला होता. तो त्यांच्याकडून मोडला. मी त्यांना माफ केलंय. त्यांचं नाव मी घेणार नाही."

तिनं माईक ठेवला.

मांडवात काही वेळ कोणी आमेन म्हणेना. मग पाळकसाहेब उठले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांनी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत त्यांनी कोणाचा उल्लेख केला नाही.

आरोहीनं 'ते' म्हटलं नव्हतं, 'त्या' म्हटलं नव्हतं. त्यांच्यावर, त्यांना, त्यांचं. यातून बाई की बुवा, काही कळत नाही. विनयाला ते ताबडतोब लक्षात आलं. हीच युक्ती तिनं मंगळवारी पहाटे केली होती. पण ऐकणाऱ्यांना विभक्तीशी कर्तव्य नसतं. सोळा वर्षांची मुलगी भर मांडवात म्हणते की एका मार्गदर्शकाकडून विश्वास मोडला. मार्गदर्शक तिघं. त्यांत एक साठीच्या अक्का, एक शाळेतल्या बाई आणि एक चोवीस वर्षांचा गिटार वाजवणारा तरुण. मांडव उठायच्या आत लोकांच्या माना कुठं वळल्या, ते विनयानं पाहिलं. योना गिटारची पिशवी बंद करत होता. त्यानं वर पाहिलं आणि सवयीनं हसला. कोणी उलट हसलं नाही.

शुक्रवारी बस खोपोलीला परतली. शनिवारपर्यंत गोष्ट मंडळीभर झाली. रविवारी अक्कांनी आणि कमिटीच्या आणखी दोघांनी योनाला वेस्ट्रीत, चर्चला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीत, बोलावून विचारलं, सोमवारी दुपारी कुठं होतास. तो म्हणाला, नदीवर. अक्कांनी फोन लावला. कशेळ्याच्या बाजाराला आलेल्या गोदाबाईनं जे पाहिलं ते सांगितलं. खोटं का बोललास, याला योनानं उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी कमिटीचा निर्णय होईपर्यंत तरुण संघाकडे फिरकायचं नाही, असं त्याला सांगण्यात आलं. आरोहीला विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली की मी माफ केलंय, मला यावर बोलायचं नाही. लोकांना हे फार शोभून दिसलं. मुलगी किती समजूतदार, असं दोघीतिघींनी विनयालाच सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी विनया अक्कांच्या घरी गेली.

"अक्का, आरोही बोलली ते माझ्याबद्दल."

अक्का वाटाणे सोलत होत्या. त्या हसल्या. "चल, काहीतरीच."

"खरं सांगतेय. तिनं मला एक गोष्ट विश्वासानं सांगितली होती. ती माझ्या तोंडून बाहेर गेली."

"कोणती गोष्ट?"

"ते नाही सांगता येणार."

अक्कांचे हात थांबले. त्यांनी विनयाकडे नीट पाहिलं, तापाच्या माणसाकडे पाहावं तसं. "विनया, तू एकटी राहतेस. चांगली आहेस. तरुण पोरगा आहे, गोड बोलतो. तू त्याला वाचवतेयस. का वाचवतेयस, ते मी विचारत नाही. पण दुसरं कोणी विचारेल."

विनया घरी आली ती चालत. सांगायला गेली होती एक आणि संशय घेऊन आली दुसराच. आता स्वतःवरच.

बुधवारी बायकांच्या प्रार्थनेनंतर तिनं आरोहीला चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर गाठलं. आत अजून खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते.

"योनाची नाचक्की होतेय, आरोही. त्याचा काही संबंध नाही."

"मी त्याचं नाव घेतलं नाही."

"लोकांनी घेतलं."

"लोकांनी गिदोनचंही घेतलं. आत्ता आत ऐकलंत ना? डायबेटिसवाल्यांच्या नंतर." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही अक्कांना सांगितलंत, की तो गिदोन नाही?"

"सांगितलं असतं तर तुझ्यावर आलं असतं."

"तेच म्हणते मी. एकाला झाकायचं तर दुसऱ्याला उघडं ठेवावं लागतं. तुमच्याकडूनच शिकले."

"मला परवानगी दे. कमिटीपुढे मी काय बोलले, कुठं बोलले, एवढंच सांगते."

"आणि ते विचारतील, काय होतं ते. मग रिकामी खोली आली. मग अक्कांना कळेल, की ती चौकीदाराच्या मुलाची नव्हती." पहिल्यांदाच तिचा चेहरा सोळा वर्षांच्या मुलीसारखा दिसला. "योनाचं एवढं होईल, असं मला वाटलं नव्हतं. तुमच्याकडे बघतील असं वाटलं होतं."

"मग तूच सांग त्यांना."

"काय सांगू? की मी खोटी साक्ष दिली?"

"खोटी होती?"

आरोहीनं आतल्या खुर्च्यांच्या आवाजाकडे कान दिला. "तुम्ही रडलात ना, ताई?"

"हो."

"मी पण रडले. का रडले, ते मला अजून कळलेलं नाही." ती उठली. "शनिवारपर्यंत सांगते."

शनिवारी दुपारी योनाचा फोन आला. तो हसवण्याच्या मनःस्थितीत नव्हता, तरी सवय सुटत नव्हती.

"ताई, निरोप मिळालाय. उद्या माझा न्यायनिवाडा. मला बोलावलं नाहीये. माझ्याच बारशाला मी नाही."

"कशेळ्याला कशाला गेला होतास रे?"

"फोनला. रेंज हवी होती. कतारच्या नोकरीची मुलाखत होती. मंडळी मला पूर्णवेळ तरुण-कार्यकर्ता करणार होती, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? आता सांगितलं तर म्हणतील, पळून चाललाय." तो थांबला. "कतारवाल्यांनी पाळकांचं शिफारसपत्र मागितलंय."

विनयानं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"ताई, तुम्हाला तरी माहितेय का, मी काय केलं?"

"तू काही केलेलं नाहीस."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग योना म्हणाला, "तुम्हाला माहितेय. शिबिरात बुधवारी मला विचारलंत तेव्हापासून तुम्हाला काहीतरी माहितेय. आणि तुम्ही उद्या कमिटीत बसणार."

"बसणार आहे."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी आरोहीचा मेसेज आला. त्यात होय नव्हतं, नाही नव्हतं. 'ताई, पप्पांना आज विचारलं, ती प्रार्थना कुणासाठी होती. ते म्हणाले, तू सांग.' पुढे काही नाही. मग तू काय सांगितलंस, असं विनयानं लगेच लिहून पाठवलं. मेसेज वाचला गेला. उत्तर आलं नाही.

कमिटीची बैठक रविवारी सकाळच्या उपासनेनंतर वेस्ट्रीत आहे. अध्यक्षस्थानी पाळक रणपिसे स्वतः बसतील, असं शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी अक्कांनी फोन करून विनयाला कळवलं.